तू पायरीनं ये, मी वर थांबतो

गणपतीत आमचा कॉलेजचा एक दोस्त गावी आला होता, परत जाताना त्याला सोडायला बेळगाव स्टेशनला गेलो. हुबळी-दादर गाडी होती. त्याला लहानपणी पोलिओ झालेला, पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी असाच तो आमच्या सगळ्यांच्या आठवणीत आहे, आता पन्नाशी ओलांडल्यावर एकीच्या दोन कुबड्या झाल्यात एवढंच. नोकरी मुंबईत, घर डोंबिवलीत. लिफ्टपाशी आलो तर आत आधीच एक आख्खं कुटुंब, त्यांच्या चाकाच्या बॅगा, कुंद्याच्या डब्यांची पिशवी, बापाच्या खांद्यावर पेंगुळलेलं पोरगं. कसाबसा एक माणूस मावेल एवढी जागा. मी सवयीनं त्याच्या कोपराला हात घातला, म्हणजे हात घालून नेमकं काय करणार होतो ते मलापण माहीत नाही, लिफ्टमध्ये काय उचलायचं असतं. त्यानं कोपर अलगद सोडवून घेतलं, आत शिरला आणि बोल्ला, "तू पायरीनं ये, मी वर थांबतो." दार लागलं.

मी पायऱ्या चढून वर गेलो तर हा कठड्याला टेकून मोबाईल बघत उभा. "दम लागला काय रे?" म्हणून हसला. मीपण हसलो. मग गाडी आली, गेली, मी गोगटे सर्कलच्या पुलावरून घरी आलो, जेवलो, खरं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. राग नव्हता आला, वाईट वाटलं म्हणावं तर तसंपण नाही. उलट त्याच्यासाठी बरंच वाटत होतं. पण बरं वाटत असताना खाली काहीतरी टोचत होतं आणि ते काय टोचतंय ते सापडेना.

आम्ही दोघं खानापूर तालुक्यातले, एकाच गावचे. गावाचं नाव घेत नाही, कारण पुढं स्टेशनाबद्दल थोडं वाकडं लिहायचंय. नव्वदच्या सुरुवातीला आम्ही तिघं जण पॅसेंजरनं रोज बेळगावला कॉलेजला यायचो. मीटरगेजची गाडी, डबा बुटका, दोन पायऱ्या चढल्या की आत. पावसाळ्यात आमच्या तालुक्यात पाऊस कसा पडतो ते या भागातल्या कुणाला सांगायला नको, डब्यात ओल्या घोंगड्यांचा, दुधाच्या किटल्यांचा आणि मातीसकट उपटलेल्या रताळ्यांचा असा मिळून एक वास असायचा, तो मला अजून कुठल्याही गाडीत शिरताना आठवतो आणि येत नाही. देसूर गेलं की बायका पाट्या दाराकडं सरकवायला लागायच्या. त्या गर्दीत आमच्या दोस्ताला मात्र कायम खिडकीची जागा, कुणीतरी उठून द्यायचंच, तो नको म्हणाला तरी.

गावच्या स्टेशनात काही प्रश्न नव्हता. एकेरी लाईन, एकच प्लॅटफॉर्म, स्टेशनमास्तरच्या खोलीला लागून, रस्त्यावरून सरळ आत. अडचण बेळगावात. पॅसेंजर पलीकडच्या प्लॅटफॉर्मला लावली की पूल आला. मग मी आणि तिसरा गडी (तो पुढं मराठा लाइट इन्फंट्रीत गेला, म्हणजे ताकद कुणाची होती ते कळलं असेल) एकमेकांची मनगटं धरून बैठक करायचो, त्यावर हा बसायचा, दोन्ही हात आमच्या गळ्यात, कुबडी माझ्या दप्तराला अडकवलेली, आणि असं आम्ही पूल चढायचो. पायऱ्या झिजून मधी खोलगट झालेल्या, पावसात निसरड्या. बाजूनं जाणारी म्हातारी माणसं म्हणायची, "पुण्याचं काम करूलालासा पोरानो." आम्ही छाती फुगवायचो. खोटं कशाला बोलू, छान वाटायचं. एका सरांनी एकदा वर्गात आमचं उदाहरण दिलं, तेव्हा त्यांनी आमच्या दोघांची नावं घेतली, त्याचं घेतलं नाही. हे तेव्हा लक्षातसुद्धा आलं नाही, हे लिहिताना आलं.

पलीकडची उतरण संपली की तो खाली उतरून पँट झटकायचा आणि कुबडी मागायचा. बोलायचा काही नाही.

मधल्या काळात मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली, डबे मोठे झाले आणि मला तरी दरवाजा अजून उंच झाल्यासारखा वाटला. तो बँकेच्या परीक्षा देत देत मुंबईला लागला, मी इथंच राहिलो. एकदा कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा त्याच्याकडं मुक्काम केला आणि सकाळी त्याच्याबरोबर डोंबिवली स्टेशनला गेलो. त्याचं ऑफिस परळला. प्लॅटफॉर्मवर एका ठिकाणी वरून बीप बीप असा आवाज येत होता, सारखा, न थांबता, मला वाटलं काहीतरी बिघडलंय. तो म्हणाला, अरे दिव्यांगांचा डबा इथं लागतो, डोळ्यानं न दिसणाऱ्याला कळावं म्हणून आहे ते. खरंच पांढरी काठी घेतलेले एक काका त्या आवाजाच्या अंदाजानं सरळ येऊन आमच्या शेजारी उभे राहिले, कुणाला विचारलं नाही, कुणी हात धरला नाही. एवढ्या कलकलाटात, घोषणा, फेरीवाले, पलीकडच्या फास्टचा भोंगा, त्या सगळ्यात त्यांच्या कानाला तेवढा एक आवाज पुरेसा होता. मी मात्र त्यांना "काका इकडं" म्हणायला तोंड उघडलेलंच होतं.

गाडी आली आणि दोस्त म्हणाला, "तू जनरलला जा, हितं तुला चढता येत नाही." हे बरोबरच होतं, धडधाकट माणूस त्या डब्यात सापडला तर दंड होतो, तरी लोक चढतात तो भाग वेगळा, आणि चढतात म्हणून तो रोज कुणाशी तरी भांडतो असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मग तो बसून गेला आणि मी शेजारच्या डब्यात एका पायावर. परळला उतरल्यावर तो मला म्हणाला, "आज तू अपंग झालास बघ." असले विनोद त्यालाच शोभतात, मी केला असता तर मार खाल्ला असता.

तिथल्या प्लॅटफॉर्मच्या उंच्या तो असा सांगतो, जसं दुसरं कोण क्रिकेटचे स्कोअर सांगेल. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात प्लॅटफॉर्म आणि लोकलच्या मधल्या फटीत पडून गेले, त्यानंतर उच्च न्यायालयानं रेल्वेला दट्ट्या लावला आणि लोकलचे प्लॅटफॉर्म ९०० मिलिमीटरच्या वर उचलायचं काम सुरू झालं. आधी कमी होते. म्हणजे गाडीच्या दाराची उंची काही त्या जानेवारीत बदलली नाही, फट पण तिथंच होती, मोजपट्टीपण होती. तसंच एल्फिन्स्टनच्या पुलाचं. परळ आणि एल्फिन्स्टन जोडणारा तो अरुंद जिना, २९ सप्टेंबर २०१७, सकाळचा पाऊस, चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्या दिवशी आमच्या गावातनं त्याला किती जण फोन लावत होते, लागतच नव्हता. संध्याकाळी लागला. म्हणाला, मी त्या जिन्यानं जातच नाही रे, कुबडीला गर्दी चालत नाही, मी लांबनं जातो. पुढं लष्करानं येऊन तिथं, करी रोडला आणि आंबिवलीला पूल बांधले, २०१८ च्या फेब्रुवारीत ते सुरूपण झाले, काही महिन्यांत. त्याला या वेगाचं कौतुक नव्हतं, रागच होता. म्हणजे येत होतं की करायला, असं त्याचं म्हणणं.

आमच्या बेळगावचं नवं स्टेशन २७ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालं, साधारण १९० कोटींचं काम, त्याच दिवशी लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी लाईनचंपण लोकार्पण. नवी इमारत झाल्यावर सुरुवातीला लोक नुसती बघायला जायचे, पोराबाळांना घेऊन, प्लॅटफॉर्म तिकीट काढून. सरकत्या जिन्यापुढं खेड्यातल्या बायका पदर सावरून उभ्या, एक पाय पुढं, एक मागं, मग "नको गं बाई" करून हसत साध्या पायऱ्यांकडं. आता त्याच बायका पाटी डोक्यावर घेऊन सरकत्या जिन्यावर गप्पा मारत उभ्या असतात. लिफ्टमध्ये बटणावर उठावाचे ठिपके असतात, ब्रेल, त्यावर बोटं फिरवून बघणारी पोरं मी बघितलीत. आणि लिफ्टचा सगळ्यात जास्त उपयोग कोण करतं तर चाकाच्या बॅगावाले. यावर माझा आधी राग होता, दिव्यांगांची लिफ्ट तुम्ही कशाला अडवता म्हणून. दोस्त म्हणतो अडवू देत, सगळे वापरतात म्हणून ती चालू राहते, फक्त माझ्यासाठी असती तर आठ दिवसांत कुलूप लागलं असतं आणि चावी कुणाकडं ते शोधत मी फिरलो असतो. अशी एक कुलपातली लिफ्ट मी दुसऱ्या एका स्टेशनात बघितलीय, आत पुठ्ठ्याची खोकी रचलेली.

पिवळ्या फरशांचं मला आधी काही कळत नव्हतं. मी समजत होतो गाडीपासून लांब उभं राहायची ती रेघ. त्या फरशा सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसानं काढल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरातल्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या असल्या तर सरळ चल, गोल ठिपके आले तर थांब, पुढं काहीतरी आहे. बुटाच्या तळव्याला कळतं. मी एकदा रिकाम्या प्लॅटफॉर्मवर चप्पल काढून चालून बघितलं, लोकांनी येडा म्हणून बघितलं असेल, खरं कळतंय. ठिपके टोचतात. आता यावर आपण काय करतो तर पोती ठेवतो, ट्रंका ठेवतो, पेपर अंथरून डबा खायला बसतो. एका स्टेशनात तर ती पट्टी सरळ खांबात जाऊन थांबलेली मी बघितलीय, फरशी लावणाऱ्या गवंड्याला कुणी सांगितलंच नसणार की ही कशासाठी, त्याला वाटलं असेल नक्षी.

आणि एक गोष्ट उशिरा कळली. आमच्या गावच्या स्टेशनात त्या काळी पूल नव्हता म्हणून मी वर लिहिलं. दुहेरी लाईन झाली आणि पलीकडं दुसरा प्लॅटफॉर्म आला. दुसरा प्लॅटफॉर्म आला म्हणून पूल आला. वरून विजेच्या तारा गेल्या म्हणून तो पूल अजून उंच झाला. म्हणजे गाड्या वाढाव्यात, क्रॉसिंगला तासभर लटकत बसायला लागू नये म्हणून जे केलं, आणि ते पाहिजेच होतं, त्यातनंच आमच्या गावात पहिल्यांदा जिना उभा राहिला. आधी माझी आई काठी टेकत सरळ गाडीत जाऊन बसायची, आता मिरजेकडची गाडी पकडायची तर आधी डोंगर चढायचा. उतार करायचा म्हटलं तर नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, म्हणजे वीस फुटांच्या पुलाला दोनशेचाळीस फुटांचा उतार, मधी टप्पे वेगळे. बारक्या स्टेशनात तेवढा उतार कोण बांधणार, आणि लिफ्ट बसवली तर तिला वीज, माणूस, देखभाल. गोकाक रोडचं नशीब उघडलं, २२ मे २०२५ ला देशातल्या १०३ नव्या केलेल्या स्टेशनांचं एकदम उद्घाटन झालं त्यात ते होतं. त्याच यादीत परळपण होतं. त्या दिवशी त्याचा फोन, "तुझ्या जिल्ह्याचं आणि माझ्या ऑफिसचं एकाच मुहूर्तावर लागलं बघ." आमच्या गावचं स्टेशन कुठल्याच यादीत नसतं, तिथं मोजून चार गाड्या थांबतात.

लिफ्टचं ते वाक्य डोक्यात घोळत असतानाच दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला, रेल्वेच्या सवलतीचं काहीतरी बोलत होता. त्याच्यासारख्यांना सेकंड क्लास, स्लीपर, थर्ड एसीत ७५ टक्के सूट असते, सोबत्यालापण तेवढीच, खरं डॉक्टरच्या दाखल्यावर असं असावं लागतं की या माणसाला सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही. तो म्हणाला, "डॉक्टरनं लिहून दिलंय मला एकट्याला जमत नाही. आणि मी तीस वर्षं एकटा फिरतोय." मला ती फट बरी वाटली, मी विचारून टाकलं. आम्ही तुला उचलायचो ते तुला आवडायचं नाही काय रे?

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, उचलायचं काय वाईट, वरनं मजा दिसायची, सगळं स्टेशन दिसायचं. "खरं तुम्ही दोघं आलासा तर माझं कॉलेज होतं. एकाला ताप आला की मलाबी सुट्टी. तुमचा पिक्चर ठरला की माझाबी पिक्चर, मला बघायचा असू दे नायतर नसू दे." मी हे कधी मोजलंच नव्हतं. मग हसायला लागला. म्हणाला, सेकंड इयरला ती पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहायची आठवते काय, घटप्रभाकडची, निळी छत्री? मला आठवत नव्हती. "मला रोज वाटायचं पलीकडं जावं आणि उगीच जरा उभं राहावं. आता तुम्हाला काय सांगणार होतो? उचला आणि तिकडं नेऊन ठेवा? आणि तुम्ही दोघं तिथं बाजूला उभे राहणार, राखण करत?"

मी इतका हसलो की बायको बाहेर आली काय झालं बघायला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तसाच बसून होतो. पुण्याचं काम म्हणणारी ती म्हातारी माणसं, सरांचं उदाहरण, आमची फुगलेली छाती, हे सगळं एका बाजूला, आणि पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर उगीच जाऊन उभं राहता न येणं दुसऱ्या बाजूला. लिफ्टचा मोठेपणा मला तेव्हा पटला, तिला वेळ विचारायला लागत नाही, तिला ताप येत नाही, आणि वर नेऊन सोडल्यावर ती कौतुकाच्या अपेक्षेनं तोंडाकडं बघत थांबत नाही. तरी मला ती बैठक आठवते. त्याच्या हाताचं वजन मानेवर यायचं ते आठवतं. आता ते कुणाचं कुणाच्या मानेवर येणार नाही आणि नाही येणार तेच बरं, हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं, त्याला काय करू.

स्टेशनवरचे लाल शर्टवाले हमाल याबाबतीत जास्त सरळ बोलतात. त्यातला एक ओळखीचा आहे, वय झालंय. पूर्वी आजारी माणसाला खुर्चीत बसवून दोघं तिघं मिळून पूल पार करायचे, त्याचे पैसे मिळायचे. मी म्हटलं लिफ्टनं धंदा बसला असेल. तो म्हणाला, "धंदा बॅगच्या चाकानं बसवला आधीच. लिफ्टनं माझे गुडघे वाचवले." आणि बिडी शोधायला लागला, मग कॅमेरा आठवून खिशात परत ठेवली.

आता दोस्ताचं नवीन खूळ. रिटायर झाल्यावर गावी येऊन राहायचं म्हणतोय आणि गावाहून बेळगावला पॅसेंजरनं एकट्यानं जायचं म्हणतोय. बेळगावात लिफ्ट आहे, सगळं आहे, पण गावच्या स्टेशनात प्लॅटफॉर्म अजून जुना, खालचा. लोकलचे सोडले तर उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो आणि डब्याची जमीन बाराशेच्या वर, म्हणजे उंच प्लॅटफॉर्मवरूनसुद्धा चढायला लागतंच, आमच्या इथं तर नुसतं लोंबकळायचं काम. दिव्यांगांचा डबा असला तरी तो गाडीच्या टोकाला, गार्डाच्या डब्याला लागून, आणि आमच्या स्टेशनात ते टोक प्लॅटफॉर्म संपल्यावर खडीत येतं. त्यानं मला हुकूम सोडला की पहिल्या पायरीपर्यंतची उंची नीट मोजून सांग, तो कुठल्यातरी घडीच्या पायरीचं डिझाईन करून घेणार आहे, डोंबिवलीत एक फॅब्रिकेशनवाला त्याच्या ओळखीचा आहे.

म्हणून परवा सकाळी मी शिंप्याकडची टेप घेऊन स्टेशनात जाऊन उभा राहिलो. गाडी आली. मी डब्याच्या खालच्या पायरीला टेप लावून वाकलो, आकडा वाचतोय तोवर पाठीवर कुणीतरी पाटी टेकवली. भाजीवाली मावशी, सत्तरीच्या आसपास.

"काय मोजूलालास रे?"

"उंची मावशी, डब्याची."

"मापं काढून काय करतोस? आमी रोज चढतोय की. धर, आदी पाटी वर घे. आता मला हात दे."

पाटी वर ठेवली, मावशीला हात दिला, ती चढली, तिच्या मागची अजून एक चढली, तेवढ्यात गाडी सुटली. टेप पाटीत राहिली, मेथीच्या जुड्यांवर. मी खालून ओरडलो तर मावशीनं दारातनंच हात केला, उद्या देते म्हणून. आकडा अजून कळवायचाय, त्याचे दोन मिस्ड कॉल येऊन पडलेत.